टॉम यम दर वेळी कडू का होतं?

टॉम यम म्हणजे थाई आंबट-तिखट सूप. लक्षण असं: पातेल्यातून वास अगदी थायलंडचा येतो, पहिला चमचा बरा लागतो, आणि वाडगा अर्धा होईपर्यंत घशापाशी एक कडवट, औषधी चव चिकटून बसते. उरलेलं सूप दुसऱ्या दिवशी गरम केलं तर दोन घोटांपलीकडे कोणी जात नाही. माझ्याकडे हे ओळीने पाच वेळा झालं. पाचव्या वेळी आईने वाडगा खाली ठेवून विचारलं, "सर्दी कोणाला झालीये?"

तिच्या मते मी कोंबडीचा काढा केला होता. निदान अचूक होतं. आलं, गवती चहा, वीस मिनिटं उकळी आणि वर लिंबू, ह्याला आपल्याकडे दुसरं नावच नाही.

आधी नावाचा घोळ मिटवतो, कारण घरी पहिला वाद त्यावरूनच झाला. थाई भाषेत 'तोम' म्हणजे उकळणं, 'यम' म्हणजे आंबट-तिखट कालवण्याचा एक प्रकार आणि 'काय' म्हणजे कोंबडी. इंग्रजी स्पेलिंगवरून वाचलं की त्याचं 'टॉम यम गाय' होतं आणि आई ताटावरून उठते. कोळंबी घातली की ते 'टॉम यम कुंग', ज्याला 2024 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत जागा मिळाली. आपण इथे कोंबडीच्याबद्दल बोलतोय. ते यादीबिदीत नाही, पण रोजच्या घरात जास्त सोयीचं आहे.

मी नोकरीनिमित्त दोन वर्षं बँकॉकमध्ये होतो, आणि राहत्या सोईच्या, म्हणजे गल्लीच्या, तोंडाशी एका बाईंची गाडी होती. सगळे त्यांना 'पा' म्हणायचे, आपण मावशी म्हणतो तसं. त्यांच्या हातचं मी शंभरेक वेळा तरी प्यायलो असेन आणि एकदाही कडू लागलं नाही. म्हणजे पाककृती डोळ्यांसमोर होत होती, मी पाहत होतो आणि तरी घरी येऊन चुकत होतो. का, ते कळायला ठाण्यातल्या स्वयंपाकघरात पाच पातेली वाया घालवावी लागली.

सगळं बदलून बघण्याआधी एक साधी चाचणी करा. लिंबू घालायच्या आधी पातेल्यातलं पळीभर पाणी एका वाटीत काढा, थोडं निवू द्या आणि चाखा. नुसतं खारट, तिखट, सुवासिक लागलं तर पातेलं निर्दोष आहे. दोष लिंबात किंवा लिंबाच्या वेळेत आहे. त्या वाटीतच कडवटपणा असेल तर पानं, गवती चहा, करपलेली मिरची ह्यांच्यापैकी कोणीतरी गुन्हेगार आहे. मी ही वाटी चौथ्या वेळी काढली असती तर पाचवं पातेलं वाचलं असतं.

लिंबू

बहुतेकांचं दुखणं इथेच असतं, म्हणून जरा थांबून सांगतो.

आपला हात आमटीवर तयार झालेला. आमटीत आंबट हे शिजवायचं असतं: चिंचेचा कोळ घातला की चांगली उकळी येऊ द्यायची, आमसुलं टाकली की ती रसात मुरू द्यायची. चिंच न उकळता ठेवली तर कच्ची लागते. त्यामुळे 'आंबट सूप' म्हटलं की आपण नकळत लिंबालाही तीच वागणूक देतो. पातेल्यात पिळायचं, झाकण ठेवायचं, पाच मिनिटं 'मुरू द्यायचं'.

लिंबू हे सोसत नाही. एक तर त्याचा जो ताजा वास आहे तो वाफेबरोबर उडून जातो आणि मागे नुसता आंबटपणा राहतो. दुसरं म्हणजे लिंबूवर्गातल्या फळांत एक घटक असा असतो की तो मुळात कडू नसतो, पण रस काढल्यावर आंबट वातावरणात हळूहळू त्याचं लिमोनिन बनतं, आणि लिमोनिन चांगलंच कडू. उष्णतेने हे लवकर होतं. बिया आणि सालीखालचा पांढरा पापुद्रा ह्यांत हा ऐवज जास्त. म्हणजे मी बियांसकट, लोखंडी चिमट्यात करकचून दाबून, उकळत्या पातेल्यात लिंबू पिळत होतो, तेव्हा कडूपणा तयार करायची जणू भट्टीच लावली होती.

गंमत म्हणजे लिंबाचं खरं शास्त्र आपल्याला माहीत असतं. पोह्यांवर लिंबू कधी पिळतो? ताटलीत वाढल्यावर. मिसळीची तर्री उकळताना कोणी त्यात लिंबू पिळतं का? फोड बाजूला येते. टॉम यम मनात आमटीच्या खान्यातून काढून मिसळीच्या खान्यात ठेवा, निम्मं काम झालं.

पा काय करायच्या, ते आता नीट सांगतो. गाडीवर ओळीने वाडगे मांडलेले. प्रत्येकात आधी दीड-दोन चमचे नाम प्ला, म्हणजे माशांचं खारं पाणी, फिश सॉस. मग चार-पाच ठेचलेल्या मिरच्या. मग लिंबू. लिंबू त्या मधोमध कापत नसत. मधला देठ-बियांचा खांब सोडून बाजूचे तीन-चार गाल उतरवायच्या, आंब्याचे काप काढतो तसे. त्या गालांत बी जवळजवळ नसतेच, आणि बोटांच्या चिमटीत हलक्याने दाबलं की रस येतो, पापुद्रा चिरडत नाही. उरलेला खांब टाकून. हे सगळं वाडग्याच्या तळाशी थांबलेलं असतं आणि त्यावर त्या उकळतं सूप पळीने ओतायच्या, कपात दूध-साखर घालून वरून चहा गाळावा तसं. लिंबाने आच बघितलेलीच नसते. मी हे दोन वर्षं पाहिलं आणि मला वाटायचं, गिऱ्हाईक जास्त म्हणून घाईपोटी असं करतात.

लिंबू कोणतं घ्यायचं, ह्याची काळजी नको. थाई 'मनाव' म्हणजे आपलं कागदी लिंबूच. पिवळं, पातळ सालीचं, रसाळ घ्या. चार वाडग्यांना चार ते पाच टेबलस्पून रस लागतो. लिंबं केवढी त्यावर चार-सहा नग. बाटलीतला लिंबूरस आणि व्हिनेगर ह्या दोघांनाही इथे प्रवेश नाही. व्हिनेगर घातलंत की ते आपल्याकडच्या चायनीज गाडीवरचं हॉट अँड सोर होतं. त्याची मजा वेगळी, पण ते हे नव्हे.

वाटीतच कडू लागलं तर

मग तीन संशयित. (करपलेल्या मिरचीचं पुढे मसाल्यात येईल.)

पहिला, मकरूत लिंबाची पानं. एकाच देठावर दोन पानं एकापुढे एक जोडल्यासारखी दिसतात, इंग्रजी आठच्या आकड्यासारखी. सुगंध अप्रतिम, पण दहा-पंधरा मिनिटं उकळली की कडवट व्हायला लागतात. मधली जाड शीर ओढून काढा, पान हाताने फाडा आणि शेवटच्या दोन मिनिटांतच टाका. चार वाडग्यांना पाच-सहा पानं पुरेत. जास्त टाकली तर सूपला भांडी घासायच्या साबणाचा वास येतो (हेही केलंय). पानं मिळत नसतील तर लिंबाची हिरवी साल, फक्त हिरवा भाग, बारीक किसणीवर अर्ध्या लिंबाची किसून वाडग्यात घाला. तोच सुगंध नाही, पण फसवणूकही नाही. मकरूतचं रोप मात्र आपल्या हवेत कुंडीत छान येतं, आणि पानं डब्यात घालून फ्रीझरमध्ये काही महिने टिकतात.

दुसरा, गवती चहा. इथे एक मोठा गैरसमज आहे. लेमनग्रास म्हणजे गवती चहाच, वनस्पती तीच, पण आपण पाती वापरतो आणि ते बुंधा वापरतात. भाजीवाल्याकडे जी जुडी मिळते ती चहासाठीच्या पात्यांची. ती पातेल्यात उकळलीत की सूप नव्हे, गवती चहाच होणार, आणि जास्त वेळ ठेवलीत तर वाळलेल्या गवतासारखी चव उतरणार. हवाय तो मुळाजवळचा पांढरट, कांद्याच्या पातीच्या बुडख्यासारखा जाड भाग, चार-पाच इंचांचा. घरी कुंडीत गवती चहा असेल तर बाहेरून दोन-तीन काड्या मुळापाशी पिरगळून उपटा. पाती चहाला, बुडखा सूपला. बाहेरचं एक साल काढायचं, बत्त्याने एकदा ठेचायचं, तिरके तुकडे करायचे. सात-आठ मिनिटं मंद उकळीत पुरेशी होतात.

तिसरा संशयित आलं. ते कडू नसतं, पण 'काढा' ही चव त्याच्यामुळे येते. मूळ पदार्थात आलं नाहीच. तिथे 'खा' असतं, गलांगल. दिसायला आल्याचा भाऊ, पण सालीवर गोल रेषा, रंग पांढरट-गुलाबी, आणि सुरी घातली की कळतं, लाकूड कापतोय. चव पाईनच्या झाडाकडे झुकणारी, थोडी मिरमिरीत. मोठ्या शहरांत काही सुपरमार्केटांत आणि ऑनलाइन ताजं मिळतं. एकदाच पाव किलो आणा, चकत्या करा, फ्रीझरमध्ये टाका. काष्ठौषधींच्या दुकानात गायकमंडळी घशासाठी नेतात ते सुकं कुलंजन ह्याच कुळातलं, पण मी वापरून पाहिलं तेव्हा सूपला थेट वैद्याच्या पुडीचा वास आला. अजिबात काहीच मिळालं नाही तर आल्याच्या तीनच पातळ चकत्या घाला आणि वाटीभर अपेक्षा कमी करा. आलं-लसूण पेस्ट तर नकोच. ती घातली की पाणी गढूळ होतं आणि सगळा मामला रश्श्याकडे वळतो.

आणखी एक शक्यता सांगून ठेवतो, कारण माझ्या मित्राकडे तीच निघाली. सगळं बरोबर, वेळा बरोबर, तरी धातूसारखी तुरट-कडवट चव. तो 'जर्मन'च्या पातेल्यात करत होता आणि आंबट त्यातच घालून ठेवत होता. ॲल्युमिनियम आणि आंबट, किंवा बिनकल्हईचं पितळ आणि आंबट, हे आज्जीने सांगितलेलं विसरलो की असं होतं. स्टीलचं पातेलं घ्या, प्रश्न मिटला.

कडू नाही, पण बेचव

हे दुसरं दुखणं, आणि ह्यावरचा लोकांचा उपाय म्हणजे अजून लिंबू. चूक. बेचव असेल तर बहुधा खारट कमी पडलंय. मीठ कमी असलं की आंबट टोचतं आणि जो काही थोडा कडवटपणा असेल तो उघडा पडतो. मीठ नीट झालं की तोच कडवटपणा दबतो. म्हणून आधी अर्धा चमचा नाम प्ला, मग चाखा, मग लिंबू. क्रम उलटा केलात की लिंबाच्या मागे मीठ आणि मिठाच्या मागे लिंबू अशी पकडापकडी सुरू होते, आणि शेवटी ना हे ना ते.

मात्र जपून. एका टेबलस्पून फिश सॉसमध्ये साधारण साडेतीन ग्रॅमच्या वर मीठ असतं. सव्वा लिटर पाण्याला तीन टेबलस्पून झाले की वेगळं मीठ लागत नाही. त्यात कोणी चिकन क्यूब टाकत असेल तर फिश सॉस निम्म्यावर आणा, नाहीतर समुद्र होईल.

फिश सॉसच्या वासाने नाक मुरडणारे घरोघरी असतात. बाटली उघडल्यावर येतो तो वास सूपमध्ये राहत नाही. ज्या घरात सुकट भाजली जाते त्या घराने ह्यावर बोलूच नये.

मिरची आणि तो लाल मसाला

मिरची चिरायची नाही, ठेचायची. तिथे जी बोटाच्या पेराएवढी मिरची वापरतात तिचं नाव 'प्रिक खी नू', शब्दशः उंदराच्या लेंड्या. आपली लवंगी त्याच आकाराची आणि त्याच स्वभावाची. खलबत्त्यात एक ठोसा, फुटली की बस. पातेल्यात टाकून उकळलीत तर दर मिनिटाला तिखट वाढत जातं आणि मग कमी करता येत नाही. वाडग्यात टाकली की ज्याला जेवढी हवी तेवढी.

वर जो लालसर तेलाचा तवंग दिसतो तो 'नाम प्रिक फाव'चा, भाजक्या मिरचीच्या गोड-आंबट मसाल्याचा. बाटलीत मिळतो, पण कोकणी घरात त्याचा सगळा जिन्नस आधीच असतो: ब्याडगी, छोटे कांदे, लसूण, सोडे, चिंच, गूळ, तेल. कांदा-लसूण मंद आचेवर तळायचे, मिरची फक्त कुरकुरीत होईपर्यंत, सोडे भाजून घ्यायचे, सगळं वाटून त्याच तेलात चिंच-गुळाबरोबर परतायचं. धोका एकच: मिरची किंवा लसूण गडद तपकिरी झाला की करपट कडूपणा येतो आणि तो थेट सूपमध्ये उतरतो. रंग वाटतो त्याच्या एक छटा आधी बाहेर काढा. कढईबाहेरही ती शिजत राहते. हा मसाला नसेल तर स्वच्छ, पाण्यासारखं टॉम यम करा, 'नाम साय'. मला स्वतःला तेच जास्त आवडतं.

दूध फाटतं

दुधाळ टॉम यमला 'नाम खोन' म्हणतात. त्यात इव्हॅपोरेटेड मिल्क असतं, म्हणजे निम्म्याहून जास्त पाणी काढलेलं, बिनसाखरेचं डब्यातलं दूध. कंडेन्स्ड मिल्क नव्हे. तो डबा उघडून ओतणाऱ्याचं सूप मी प्यायलोय, आंबट-तिखट बासुंदी. घरचं दूध आटवून घातलंत तर लिंबाने ते पनीर होणार हे सांगायला नको.

नारळाचं दूध घालायचं असेल तर ते खरं म्हणजे वेगळं सूप आहे, 'टॉम खा काय'. ('खा' म्हणजे वर सांगितलेलं गलांगल, आग्रह नाही.) घरी पिळलेला नारळाचा रस खळाखळा उकळला की फुटतो, हे माशाचं कालवण करणाऱ्यांना ठाऊक आहे, आणि सोलकढी आपण आचेवर ठेवत नाही तेही म्हणूनच. थाई लोकांना त्याच्या फुटण्याचं आपल्याइतकं वाईट वाटत नाही, थोडं तेल सुटलेलं चालतं. तरी गुळगुळीत हवं असेल तर रस शेवटी घाला, कडेला बुडबुडे दिसले की गॅस बंद, आणि लिंबू नेहमीप्रमाणे वाडग्यात.

कोंबडी

रबरासारखी होत असेल तर तुम्ही बोनलेस ब्रेस्टचे तुकडे सुरुवातीपासून उकळताय. हाडासकट मांडीचे तुकडे घ्या, गार पाण्यात टाका, हळू तापवा, वर मळी येईल ती झाऱ्याने काढत राहा. पंचवीस मिनिटांत कोंबडी शिजते आणि पाण्याला दम येतो. कुकर लावायचा तर नुसत्या कोंबडीला. मी एकदा पानं, गवती चहा सगळं आत टाकून तीन शिट्ट्या घेतल्या होत्या, तो पहिल्या क्रमांकाचा काढा. हळद, फोडणी, गरम मसाला ह्यांनी आज सुट्टी घ्यावी.

एक गोष्ट बाजारातून फुकट मिळते. कोथिंबिरीची जुडी मुळांसकट येते आणि आपण मुळं तोडून टाकतो. ती माती जाईपर्यंत धुवा, ठेचा आणि कोंबडीबरोबर पाण्यात सोडा. पानांपेक्षा तिथला स्वयंपाक ह्या मुळांवर जास्त चालतो.

आता मी करतो ते असं

सव्वा लिटर पाणी, अर्धा किलो हाडासकट कोंबडी, कोथिंबिरीची मुळं, मंद आच. शिजत आली की गवती चहाचे तीन बुडखे आणि गलांगलच्या आठ-दहा चकत्या. पाच मिनिटांनी मूठभर मश्रूम (तिथे पराळी मश्रूम घालतात, इथे बटन किंवा धिंगरी चालते), चार छोटे टोमॅटो अर्धे करून, आणि एक टेबलस्पून नाम प्ला. दोन मिनिटांनी पानं. आणखी दोन मिनिटांनी गॅस बंद. एवढ्या वेळात चारही वाडग्यांत उरलेलं नाम प्ला, लिंबाचा रस, मिरच्या, हवा तर मसाल्याचा अर्धा चमचा. वर उकळतं सूप, वर कोथिंबीर. लाकडासारखे तुकडे आणि पानं खायची नसतात हे पाहुण्यांना आधीच सांगा. मसालेभातातली दालचिनी बाजूला काढतो तशी काढायची. आमच्या एका काकांनी मान राखायचा म्हणून गलांगलची अख्खी चकती चावून गिळली होती.

पातेलं आधीच कडू झालं असेल तर? पानं आणि काड्या लगेच उपसा. वेगळं साधं चिकनचं पाणी असेल तर तेवढंच मिसळा, चिमूटभर गूळ, थोडं नाम प्ला, आणि तरी भागलं नाही तर नारळाचा रस घालून त्याला टॉम खा म्हणून वाढा. लिंबू त्यात अर्धा तास उकळलेलं असेल तर मात्र मी प्रयत्न सोडून देतो.

उरलेलं सूप ठेवायचं ते लिंबाशिवाय, पानं आणि काड्या गाळून. दुसऱ्या दिवशी गरम करताना उकळी चालते, लिंबू पुन्हा ताजं. फ्रिजमधल्या त्या डब्याच्या झाकणावर मी एक अख्खं लिंबू ठेवून देतो. नाहीतर सकाळी कोणीतरी सूप तसंच गरम करून पितं आणि म्हणतं, काल बरं होतं, आज आंबटच नाही.